आधी ‘सिबेल’ की आधी ‘ल बुशे’? युद्धावरून परतलेले दोघं आणि दोन अवघड नाती

एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि ‘ले दिमांश द व्हिल दाव्रे’ (१९६२) बघावा की ‘ल बुशे’ (१९७०, म्हणजे ‘खाटीक’) असा या दोन फ्रेंच चित्रपटांबाबत प्रश्न पडला असेल, तर ‘ल बुशे’ बघा. दोन्ही बघायची तयारी असेल तर मात्र सुरुवात ‘दिमांश’पासून करा. क्रम उलटा लावला तर त्या चित्रपटावर अन्याय होतो, आणि आजवर त्याच्यावर झालेला अन्याय पुरेसा आहे.

‘दिमांश’चं इंग्रजी नाव ‘संडेज अँड सिबेल’. जगभर तो याच नावाने ओळखला जातो, म्हणून इथेही त्याला ‘सिबेल’च म्हणते.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवायला एक ठोस कारण आहे. दोन्हींतला पुरुष फ्रान्सच्या इंडोचायनातल्या (आजच्या व्हिएतनाम परिसरातल्या) युद्धावरून परतलेला आहे. ‘सिबेल’मधला पिएर वैमानिक होता. ‘ल बुशे’मधल्या पोपोलने पंधरा वर्षं सैन्यात काढली, आधी इंडोचायनात, मग अल्जीरियात. युद्ध तिकडे संपलं, पण या दोघांच्या आतलं संपलेलं नाही. दोघंही एका लहानशा, शांत, वरकरणी सुंदर गावात राहायला येतात. दोघांचीही कुणाशी तरी ओळख होते आणि तिचं एक नातं बनतं, ज्याला नेमकं काय म्हणावं हे त्या दोघांनाही सांगता येणार नाही. आणि दोन्ही नाती एका शाळेच्या दारातून सुरू होतात.

फरक पडतो तो संशय कुठे बसलाय यात. ‘सिबेल’मध्ये सगळं गाव संशय घेतं, माणूस मात्र निष्पाप आहे, आणि ते आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. ‘ल बुशे’मध्ये गावाजवळ बायकांचे खून होतात, तरी गाव त्या माणसावर बिनधास्त विश्वास टाकतं. संशय येतो तो एकट्या एका बाईला, आणि तो खरा असतो. खुनी कोण हे दिग्दर्शक शाब्रोल फार वेळ झाकून ठेवत नाही, तेव्हा हे सांगून मी काही रहस्य फोडलेलं नाही. दोन्हींचे शेवट मात्र सांगणार नाही.

‘सिबेल’ची सुरुवात विमानातून होते. खाली झेपावणारं विमान, समोर भीतीने गोठलेला एका मुलीचा चेहरा, आणि मग काळोख. आपण त्या मुलीला मारलं, असं पिएरच्या मनाने घेतलंय. अपघातात त्याची स्मृती गेली आहे. पॅरिसच्या पश्चिमेला व्हिल दाव्रे नावाच्या गावात तो मादलेनसोबत राहतो. ती नर्स, तिनेच त्याची शुश्रूषा केलेली. ती कामावर गेली की याला दिवस खायला उठतो. एका संध्याकाळी स्टेशनवर त्याला एक माणूस आणि त्याची बारा वर्षांची मुलगी दिसते. बाप तिला ननांच्या वसतिशाळेत सोडतो आणि कायमचा निघून जातो. पुढच्या रविवारी पिएर शाळेत पोचतो. नन त्यालाच मुलीचा बाप समजतात, आणि तो तो गैरसमज दूर करत नाही. तिथून त्यांचे रविवार सुरू होतात.

ते करतात काय? तळ्याकाठी फिरतात. बस, एवढंच. ही तीच तळी, जी चित्रकार कोरोने एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा रंगवली. त्याचं कुटुंबाचं घरच इथे होतं. मुलगी पाण्यात दगड टाकते, वर्तुळं पसरत जातात, आणि त्या वर्तुळांच्या आत तिचं-त्याचं घर असतं. शाळेत तिला फ्रान्स्वाझ म्हणतात, पण ते तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव ती सहज सांगत नाही. चर्चच्या शिखरावर धातूचा कोंबडा आहे, तो आणून दिलास तर सांगेन, अशी तिची अट. पिएरला उंचीची भीती आहे. ती अट आणि ती भीती या दोहोंवर चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध तोललेला आहे.

आंरी दकाएचं छायाचित्रण या चित्रपटाचा अर्धा जीव आहे. दिग्दर्शक त्रुफोचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट त्यानेच टिपला, मेलव्हिल आणि माल या दिग्दर्शकांसोबतही त्याने काम केलं. इथे कृष्णधवल रुंद पडद्यावर तो जवळजवळ प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी आडून दाखवतो. धुक्यातून, पाण्यातल्या प्रतिबिंबातून, दवाने धुरकटलेल्या काचेतून. ही नुसती शोभा नाही. पिएरला जग सरळ दिसतच नाही, आणि दकाए आपल्यालाही ते सरळ दिसू देत नाही. मोरिस जारचं संगीतही फार जपून येतं. त्याच वर्षी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’साठी अख्खं वाळवंट भरून टाकणारं संगीत देणारा हाच माणूस, हे ऐकताना खरं वाटत नाही.

मग हा चित्रपट विसरला कसा गेला? दिग्दर्शक सेर्ज बुर्गिन्यों याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी १९६० साली त्याच्या ‘ल सुरिर’ या लघुपटाला कान महोत्सवात लघुपटांसाठीचा पाम दोर पुरस्कार मिळाला होता. ‘सिबेल’ने १९६२ सालासाठीचं सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं. पुढच्या वर्षी पटकथा आणि संगीत या विभागांतही त्याला नामांकनं मिळाली. अमेरिकेत समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. फ्रान्समध्ये मात्र तो काळ ‘काइए द्यू सिनेमा’ या चित्रपटविषयक मासिकाच्या मंडळींचा, म्हणजे चित्रपटांतल्या ‘नव्या लाटे’चा होता. बुर्गिन्यों त्या गोटातला नव्हता, आणि त्याची देखणी, घोटीव मांडणी त्यांच्या बंडाच्या उलट टोकाची होती. जुन्या वळणाचं गोडगोड काम म्हणून त्याला बाजूला सारलं गेलं. बुर्गिन्यों हॉलिवूडला गेला, १९६५ साली ‘द रिवॉर्ड’ केला, परत येऊन १९६७ साली ब्रिजित बार्दोला घेऊन एक चित्रपट केला. तिथून पुढे त्याचं नाव विरत गेलं. ज्या दिग्दर्शकामागे एखादी चळवळ उभी नसते, त्याचा चित्रपट किती सहज गहाळ होतो याचा हा ठळक पुरावा आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पण वाईट वाटतं म्हणून मी त्याच्याकडे डोळे झाकून पाहणार नाही. आजच्या प्रेक्षकाला ‘सिबेल’ अस्वस्थ करतो, आणि ते बरोबरच आहे. मुलगी बारा वर्षांची, माणूस तिशीतला. मोठी झाले की तुझ्याशी लग्न करीन, असं ती ठासून सांगते, लहान मुलं सांगतात तसंच. चित्रपटात गैर म्हणावं असं काही घडत नाही. पिएर स्वतःच मनाने मूल झालेला आहे, हे हार्डी क्रूगर आपल्या भांबावलेल्या चेहऱ्याने आणि जड हालचालींनी पक्कं पटवून देतो. (क्रूगर जर्मन. किशोरवयात हिटलरच्या शेवटच्या महिन्यांत त्याला गणवेश चढवून युद्धावर धाडलं होतं. युद्धाने बालपण हिरावलेल्या माणसाची भूमिका त्याच्याकडे आली हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.) तरीही मोठ्या माणसाने लहान मुलीबरोबर गुपित राखावं, टाकून दिलेल्या मुलीच्या एकटेपणावर आपल्या एकटेपणाचा भार टाकावा, हे हेतू कितीही स्वच्छ असला तरी बरोबर नाही. एका प्रसंगात ती इतर मुलांबरोबर खेळते आणि पिएर बिथरतो. तिथे चित्रपटाला क्षणभर कळतं की या माणसाची गरज त्या मुलीला कोंडून टाकणारी आहे. मग तो ते विसरतो आणि पुन्हा तळ्यावरच्या धुक्याकडे वळतो. माझ्या मते ‘सिबेल’ची खरी उणीव हीच. त्याचा पिएरवर इतका विश्वास आहे की मुलीच्या बाजूने तो पुरेसा विचार करत नाही.

तरी तो विचार त्याच्या हातून अर्धवट का होईना घडतो, याचं श्रेय पात्रिसिया गोझीचं. तिचं काम पाहताना ही मुलगी ‘गोड’ आहे असं एकदाही वाटलं नाही. ती हिशेबी आहे, हट्टी आहे, रागीट आहे, आणि आपल्याला कोणीतरी हवं असण्याची तिची भूक उघडीवाघडी दिसते. बापाने टाकलेलं मूल कसं कुणाच्याही हाताला लटकायला तयार होतं, हे तिने इतकं नेमकं दाखवलंय की प्रश्न पिएरचा राहतच नाही. मोठ्या माणसांनी हिला असं मोकळं सोडलंच कसं, हा प्रश्न होतो. ननांनी, बापाने, गावाने. रविवारी तिला न्यायला आलेला माणूस कोण, याची एकही नन चौकशी करत नाही, आणि नंतर सगळे एकदम जागे होतात. हा चित्रपट मी त्या बाजूने पाहते, आणि त्या बाजूने तो आजही धारदार आहे.

आता ‘ल बुशे’. इथे धुकं नाही. क्लोद शाब्रोल हा स्वतः ‘काइए’च्या मंडळींपैकी एक, एरिक रोमेरबरोबर हिचकॉकवर पुस्तक लिहिलेला. चित्रपट रंगीत आहे, गाव खरंखुरं आहे. दोर्दोन्य भागातलं त्रेमोला. रहिवाशांच्या भूमिकांत तिथलेच लोक आहेत. सुरुवातीला लग्नाची पंगत आहे. पोपोल, गावचा खाटीक, मांस कापून वाढतोय, आणि शेजारी शाळेची मुख्याध्यापिका एलेन बसली आहे. समारंभानंतर दोघं गावातून चालत घरी निघतात. कॅमेरा त्यांच्यासोबत एकाच लांब शॉटमध्ये चालत राहतो. ती रस्त्यात सिगारेट ओढते, तो त्यावर काहीतरी बोलतो, घरं मागे पडत जातात. काहीच घडत नाही, आणि तरी शाळेच्या दाराशी पोचेपर्यंत हे दोघं एकमेकांना आवडलेत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. अशी साधी, भरलेली सुरुवात मी फार थोड्या चित्रपटांत पाहिली आहे.

पुढे एके दिवशी पोपोल शाळेत येतो तो कागदात गुंडाळलेली मटणाची तंगडी घेऊन, पुष्पगुच्छ धरावा तशी धरून. हसू येतं, मायाही वाटते, आणि त्याच वेळी पाठीतून थंड काहीतरी सरकतं. सगळा चित्रपट त्या एका हावभावात आहे. या माणसाला प्रेम द्यायचंय, आणि देण्यासारखं त्याच्याकडे मांसच आहे.

एलेन त्याला वाढदिवसाला लायटर देते. पुढे गावाजवळ एका बाईचं प्रेत सापडतं आणि त्याच्या शेजारी एलेनला तसाच लायटर दिसतो. ती तो उचलते. पोलिसांना देत नाही, घरी नेऊन ठेवते. यानंतर येतो माझ्या मते या चित्रपटाचा सगळ्यात मोठा प्रसंग. पोपोल तिच्यासाठी ब्रँडीत मुरवलेल्या चेरी घेऊन येतो. दोघं त्या खातात, ती सिगारेट तोंडाला लावते आणि तो खिशातून लायटर काढून ती पेटवतो. तसाच लायटर. एलेन रडायलाच लागते. सुटकेने. एलेनच्या भूमिकेतल्या स्तेफान ओद्राँने त्या रडण्यात जे ओतलंय ते शब्दांत मांडणं कठीण आहे. आपण ज्याच्यावर संशय घेतला तो निर्दोष निघाला याचा आनंद तिथे आहे. आपण त्याच्यावर किती जीव लावून बसलोय हे आत्ता कळल्याची भीतीही आहे. आणि पोपोल झालेला जाँ यान समोर बसून, काहीच न समजल्यासारखा, तिच्याकडे बघत राहतो. ती सुटका किती टिकते ते तुम्हीच बघा.

या दोघांत शरीराचं काहीच नाही. तो एकदा सरळ विचारतो, ती सरळ नकार देते. पूर्वी एकदा प्रेमात पोळली आहे, पुन्हा नको, एवढंच ती सांगते. नकार देऊनही ती त्याला दूर करत नाही. मांसाच्या वासाच्या, रक्ताच्या, रणांगणातल्या प्रेतांच्या गोष्टी तो तिला सांगतो आणि ती ऐकून घेते. तिचं हे ऐकून घेणं, जवळ ठेवणं पण जवळ येऊ न देणं, त्या खुनांत याचाही काही वाटा होता का? शाब्रोल हा प्रश्न उभा करतो आणि उत्तर देत नाही. ‘सिबेल’ आपल्याला माणसाच्या निर्दोषपणाची खात्री हातात देतो. ‘ल बुशे’ आपल्या हातात होती नव्हती तीही खात्री काढून घेतो, एलेनच्या बाबतीतसुद्धा. म्हणूनच एकच निवडायचा तर मी त्याला पुढे काढते.

मुलं दोन्हीकडे आहेत, पण किती वेगळी. ‘ल बुशे’मध्ये एलेन वर्गाला आदिमानवाच्या गुहा दाखवायला नेते. क्रो-मॅन्यों माणूस आज आपल्यात आला तर काय, असल्या गप्पा होतात. मग मुलं कड्याखाली डबा खायला बसतात, आणि एका मुलीच्या पावावर वरून रक्ताचा थेंब पडतो. ‘सिबेल’मध्ये मूल केंद्रात आहे आणि मोठ्यांचं जग त्याच्याकडे संशयाने पाहतं. इथे मुलं कडेला आहेत, आणि मोठ्यांचं रक्त त्यांच्या डब्यात पडतं. पिएर जान्सेनचं संगीत या प्रसंगांत कानाला टोचत राहतं. काहींना ते नकोसं होईल. मला ते हवंसं वाटतं, कारण त्रेमोलाच्या त्या सोनेरी उन्हात दुसरं काहीच आपल्याला सावध करत नाही.

एक दुवा छायाचित्रणाचा. ‘ल बुशे’चा छायाचित्रकार जाँ राबिए हा दकाएच्याच हाताखाली तयार झालेला. शाब्रोलचे अगदी सुरुवातीचे चित्रपट दकाएने टिपले, मग राबिएने सूत्रं घेतली. त्यामुळे दोन्ही पाठोपाठ पाहिले तर एकाच घराण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. गुरू प्रकाशाला झाकतो, शिष्य तो लख्ख सोडतो.

दोन्हींतल्या बायकांबद्दलही सांगायला हवं. निकोल कुर्सेलची मादलेन सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि ती चूक आहे. पिएर रविवारी कुठे जातो हे कळल्यावर ती एकदा त्यांच्या मागोमाग जाते, झाडांआडून बघते आणि निश्चिंत होते. तिचा विश्वास आंधळा नाही, पाहून ठेवलेला आहे. एलेनचा विश्वास मात्र पाहूनही न पाहिल्यासारखा करणारा आहे. एकीने पाहिलं आणि तिचं ऐकायला कोणी थांबलं नाही. दुसरीने पाहिलं आणि ती बोलली नाही. दोन्ही चित्रपटांची शोकांतिका इथे आहे, आणि म्हणूनच हे दोन्ही मला पुरुषांच्या गोष्टी वाटत नाहीत.

क्रमाबद्दल. ‘ल बुशे’ आधी पाहिला तर शाब्रोलचा संशय तुमच्या डोळ्यांत राहतो, आणि त्या डोळ्यांनी ‘सिबेल’ भाबडा, कधीकधी तर खोटा वाटू लागतो. ‘सिबेल’ आधी पाहिला तर त्याला त्याच्या अटींवर भेटता येतं. त्याने जे गृहीत धरलं त्याचा काटा मनात राहतो, आणि मग ‘ल बुशे’ तो काटा खोल रुतवतो. मध्ये एखादा दिवस जाऊ द्या. दोन्ही एकाच रात्री उरकू नका.

चित्रपटांची लांबी फार नाही, ‘सिबेल’ पावणेदोन तासांच्या थोडा वर, ‘ल बुशे’ दीड तासाच्या आसपास. संथपणा मात्र ‘सिबेल’मध्ये जास्त. पहिल्या अर्ध्या तासात काही घडत नाही म्हणून बंद करणाऱ्यांसाठी तो नाही. खुनाची गोष्ट म्हणून ‘ल बुशे’कडे जाणाऱ्यांनीही सांभाळा. इथे पोलीस आहेत, तपास आहे, पण शाब्रोलला त्यात रस नाही, त्याला रस आहे एलेनच्या चेहऱ्यात. घरात कुमारवयीन मुलं असतील तर ‘सिबेल’ त्यांच्याबरोबर बसून बघता येईल, पण नंतर बोलायची तयारी हवी. मोठ्या माणसाने मागितलेली गुपितं, शाळेने घ्यायची काळजी, गावाची घाई, हे विषय त्यातून आपसूक निघतात. एखाद्या गटात चर्चेसाठी निवडत असाल तर डोळे मिटून ‘सिबेल’ घ्या. त्यावर मतं हमखास फुटतात आणि ती फुटायलाच हवीत. एकट्याने, रात्री, दिवे मालवून बघायचा असेल तर ‘ल बुशे’. त्यातला शेवटाकडचा रात्रीचा मोटारीतला प्रवास दुसऱ्या कुणाच्या कुजबुजीत बघण्यासारखा नाही.

‘सिबेल’ अनेक वर्षं धड प्रतीत मिळतच नव्हता. २०१४ साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीने त्याची स्वच्छ केलेली डिस्क काढली, आणि दकाएचं धुकं पहिल्यांदाच धुक्यासारखं दिसलं. मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. त्यांच्या ब्लू-रे डिस्क ‘ए’ विभागासाठी असतात आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो, त्यामुळे साध्या प्लेअरवर ती बहुधा चालणार नाही. सर्व विभागांचा प्लेअर लागेल. नेटवर कुठे धूसर, कडा छाटलेली प्रत सापडली तर मोहात पडू नका. रुंद पडद्याच्या दोन टोकांना उभ्या केलेल्या माणसांतलं अंतर हाच या चित्रपटाचा विषय आहे, आणि छाटलेल्या प्रतीत पहिल्यांदा तेच जातं.